थोरल्या पातीचं पिस्तूल

आमचा नेमबाजीचा क्लब धायरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या तळघरात होता. कार्यालय आबांचं. आबा तिथले जुने शेतकरी. शेतांच्या इमारती झाल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कार्यालय बांधलं, आणि पार्किंगसाठी काढलेल्या तळघराचा उतार इतका खडा झाला की वऱ्हाडी मंडळी तिथं गाडी घालायला तयार होईनात. मग आबांनी हौसेखातर तिथं दहा मीटरची रेंज केली. लग्नसराईत वर भटजी ‘सावधान’ म्हणाले की खालचे नवखे नेमबाज खरोखरच पिस्तूल टेबलावर ठेवायचे.

पिस्तुलं हवेची. बारीक शिशाचा छर्रा निघतो आणि कागदाला भोक पडतं, एवढंच त्यांचं शौर्य. मी तिथं गेलो तो मुलीला सोडायला. ती तेव्हा अकरावीत होती. बिबवेवाडीहून धायरीला सोडायचं, परत यायचं आणि पुन्हा आणायला जायचं, यापेक्षा तिथंच बसलेलं बरं म्हणून मागच्या बाकावर बसू लागलो. बसलो म्हणून सभासद झालो, सभासद झालो म्हणून नेम धरू लागलो, आणि नेम धरता येत नाही असं दिसल्यावर मंडळींनी मला सहसचिव केलं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो सहसचिव. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं काढून मला असली पदं पेलण्याची सवय होतीच.

शिकवायला सुभेदारसाहेब होते. सैन्यातून निवृत्त, खडकवासल्याच्या बाजूला राहणारे, कमी बोलणारे. त्यांच्यामुळे क्लबातली मुलं शिकली. आम्हा बाकावरच्यांमुळे क्लबात आवाज होता.

आवाज कशाचा, तर पिस्तुलांच्या नावांचा. क्लबाकडे दोन बरी पिस्तुलं होती, दोन्ही परदेशी. एकाच कारखान्याच्या दोन भावांनी वाटणी केली आणि दोघंही पिस्तुलं बनवू लागले, अशी त्यांची कुळकथा. नाव थोरल्याकडे गेलं, साचे धाकट्याकडे. दिसायला दोन्ही पिस्तुलं जुळी. थोरल्याच्या नळीवर आडनाव ठसठशीत कोरलेलं आणि मग मॉडेलचा आकडा, धाकट्याच्या नळीवर आडनावाची नुसती आद्याक्षरं आणि जवळजवळ तोच आकडा. आम्ही त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायचो. कंपनीचं नाव इथं देत नाही. नेमबाज ओळखतील, आणि इतरांचं न कळून काही बिघडत नाही.

थोरल्याचे वकील म्हणजे आमचे डॉक्टर. दातांचे. "अहो, नाव म्हणजे गंमत आहे का? शंभर माणसं तपासतात तेव्हा कुठं नळीवर नाव चढतं. धाकट्याला स्वतःचं नाव लावायची कोर्टानं बंदी केलीय, यातच काय ते समजा."

"नाव ऱ्हाऊ द्या डाक्टर," आबा म्हणायचे. "साचा कुनाकडं हाय? आमच्यात वाटणी झाली तवा थोरल्यानं पाटीलकी घेतली आन् म्या हीर घेतली. आता सांगा, पानी कुनाच्यात?"

"विहीर बुजवूनच हे कार्यालय बांधलंत ना, आबा?" मी विचारायचो.

"तुम्ही पाटबंधारेवाले. तुमास्नी पान्यातलं काय कळतंय!"

हे रोज. आकड्यानंतरच्या एका अक्षराचा अर्थ ‘इलेक्ट्रॉनिक’ की ‘खास आवृत्ती’ यावर डॉक्टर आणि आबा एकदा दोन आठवडे बोलत नव्हते. मी थोरल्याच्या बाजूचा होतो, कारण डॉक्टरांच्या बाजूला पंखा होता. पण मत देताना मी पंख्याचं कारण सांगत नसे. थोरल्याचा घोडा कसा लोण्यासारखा सुटतो आणि धाकट्याचा कसा अडखळतो, हे मी डोळे मिटून सांगायचो. ऐकणाऱ्याला वाटावं, आयुष्य पिस्तुलांतच गेलंय.

एक दिवस सुभेदारसाहेब कंटाळले. त्यांनी दोन्ही नळ्यांवरच्या नावांना काळी टेप लावली आणि पिस्तुलं आमच्यापुढं ठेवली. "आता मारा दहा-दहा. मग बोला."

थोरल्याला ओळखीसाठी एक लाल दोरा बांधलेला असायचा. तो टेप लावताना निघाला नव्हता. आम्ही तिघांनी तो पाहिला आणि एकमेकांना काही सांगितलं नाही. मी दहा मारले, मान हलवली आणि म्हणालो, "वा! हे थोरलं. फरक आहे हो, फरक आहेच." डॉक्टरांनी दुजोरा दिला. आबांनी दुसरं उचलून "ह्ये बगा धाकटं, कसं हातात बसतंय" म्हणून दाखवलं. मग टेप काढली. लाल दोऱ्याचं धाकटं निघालं. दोरा माझ्या मुलीनं बदलला होता. ती हसून हसून खाली बसली, आणि सुभेदारसाहेब हसलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले.

माणसानं यातून एवढंच शिकायला हवं होतं की आपल्याला काही कळत नाही. मी वेगळंच शिकलो. त्या दिवसापासून मी ‘दोन्ही एकच’ या पक्षाचा झालो, आणि आधीच्या मतापेक्षा दुप्पट खात्रीनं बोलू लागलो. भाऊभाऊच ते, एकाच साच्यातले, नुसती पाटी वेगळी. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला.

मुलगी मात्र या कशात नसायची. तिच्या हातात धाकटं दिलं होतं, ती ते मारत होती. तिचा हात लहान. कारखान्याची लाकडी मूठ, रेंजवर तिला ग्रिप म्हणतात, ती तिच्या हातात सैल व्हायची. सुभेदारसाहेबांनी ती घडवायला घेतली. थोडी कानस मारायची, तिला आठवडाभर नेम धरू द्यायचा, मग अंगठ्याखाली थोडी पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर, पुन्हा आठवडा. असं तीन वर्षं चाललं. बोटं लांब झाली, मूठ बदलली. तळहाताला घट्टा पडला, पुन्हा बदलली. शेवटी अशी वेळ आली की ती डोळे मिटून हात उचलायची, डोळे उघडायची, आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा काटा, मागच्या खाचेत आपोआप मधोमध उभी असायची. सुभेदारसाहेब म्हणाले, "आता हात लावायचा न्हाई हिला. कुनीच."

तसा नियमही फळ्यावर लिहिलेला होता. पिस्तुलाला कानस किंवा पेचकस लावायचा तर फक्त साहेबांनी. दुसऱ्या कुणी लावला तर त्याला आठवडाभर रेंज बंद.

ज्युनिअर गटातलं तिचं शेवटचं वर्ष आलं. राज्य स्पर्धेत ठरावीक गुण मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धा, नाहीतर पुढच्या वर्षीपासून पंधरा-पंधरा वर्षं मुरलेल्या बायकांशी गाठ. सरावात ती त्या गुणांच्या वरच असायची. जास्त नाही, चार-पाच वर. पण रोज.

आणि मला सुचलं की मुलीचं स्वतःचं पिस्तूल हवं.

"बाबा, घाई नको," ती म्हणाली. "धाकटं आत्ता विक्रेत्याकडे नाहीये. येईल तेव्हा घेऊ. क्लबाचं आहे ना."

"थोरलं आहे त्याच्याकडे. दोन्ही एकच गं."

"एकच नाहीयेत."

"तूच तर दाखवून दिलंस!"

"मी तुम्हाला फरक कळत नाही हे दाखवलं," ती म्हणाली. हे मी विनोद म्हणून घेतलं आणि बाकावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो.

थोरलं घेतलं. खरं सांगायचं तर मला ते तिच्यासाठी किती हवं होतं आणि बाकावर पेटी उघडण्यासाठी किती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पेटी उघडली तेव्हा डॉक्टर उभे राहिले. तेवढ्यासाठी मी नव्या स्कूटरसाठी दोन वर्षं साठवलेले पैसे घातले होते.

मुलीनं ते हातात घेतलं, पाहिलं, "छान आहे बाबा" म्हणाली, आणि पेटीत ठेवून धाकट्याकडे गेली. स्पर्धेला तीन आठवडे होते. कुणीही शहाणा नेमबाज तीन आठवडे आधी पिस्तूल बदलत नाही. पण मला ते लागलं. आणि मला वाटलं, अडचण आहे ती फक्त ग्रिपची. तिची ग्रिप थोरल्यावर बसवली की झालं. भाऊभाऊच ते.

शनिवारी दुपारी सुभेदारसाहेब गावाला गेले होते, वर कार्यालय रिकामं होतं, किल्ली सहसचिवांकडे होती. मी धाकट्याची ग्रिप उतरवली आणि थोरल्यावर चढवली. स्क्रूचं भोक बरोबर समोर आलं. मला काय आनंद झाला! पण ग्रिप पूर्ण आत जाईना. कुठंतरी आत अर्धा सूत लाकूड अडत होतं. अर्धा सूत म्हणजे काय हो? नखाएवढं. साहेबांची कानस कपाटातच होती.

नखाएवढं घासलं, तरी अडलं. म्हणून दुसऱ्या बाजूनं घासलं. मग आणखी थोडं. शेवटी बसली. स्क्रू पिळला. उचलून पाहिलं, घट्ट. मी स्वतःशीच म्हणालो, उगाच लोक बाऊ करतात.

घरी बायकोनं विचारलं, "अहो, तुमच्या पँटच्या खिशात हा भुसा कसला?"

"ऑफिसात सुतारकाम चाललंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पँट भिजत घातली.

सोमवारी संध्याकाळी मी मुलीपुढं थोरलं ठेवलं. "हात उचलून बघ." तिनं आपली ग्रिप ओळखली. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी खाचेत नव्हती. डाव्या कडेला टेकली होती. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. भाऊ वेगळे झाले तेव्हा एकानं मुठीचा कोन थोडासा बदलला होता. किती? तोही नखाएवढाच असणार. आम्ही चार वर्षं नावांवर भांडलो, पण हा कोन कुणी मोजला नव्हता.

ती ग्रिप उतरवू लागली. आतलं पांढरं ताजं लाकूड दिसलं. हळूच म्हणाली, "बाबा, आतून घासलीत?"

"अगं, अर्धाच सूत."

तिनं ती परत धाकट्यावर चढवली. स्क्रू पूर्ण पिळला. मूठ धरून नळी हलवली. टक. पुन्हा हलवली. टक. डुगडुगणाऱ्या ग्रिपवर नेम धरणं म्हणजे हलत्या स्टुलावर उभं राहून सुईत दोरा ओवणं.

तेवढ्यात सुभेदारसाहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, हलवलं, ग्रिप काढली आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुनी केलं ह्ये?"

रेंज थांबली. बाकावर डॉक्टर होते, आबा होते, दोन-तीन नवी मुलं होती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्या आवाजात काहीतरी बोलून जाता आलं असतं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला पुरेसा वेळ होता. हे मी नंतर स्वतःला अनेक प्रकारे समजावून पाहिलं. अचानक झालं, सुचलं नाही, जीभ उचलली नाही, वगैरे. तसं काही नव्हतं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. मी चष्मा काढून पुसला.

"मी घासली, सर," ती म्हणाली.

"तू?"

"हो. नव्या पिस्तुलावर बसवून बघत होते."

साहेबांनी ग्रिप खिशात टाकली. "तीन साल," एवढंच म्हणाले. मग फळ्याकडे बोट केलं. "आठवडा. मागं बस."

तीन आठवड्यांतला एक आठवडा. ती रोज यायची, कारण नियमात येऊ नये असं नव्हतं. मागच्या बाकावर आमच्यात बसायची. आमचं चालूच. डॉक्टरांचं म्हणणं, घासण्याची वेळ आलीच, तर धाकट्याचं लाकूडच हलकं असणार. आबांचं म्हणणं, थोरल्याचा कोनच मुळात वाकडा. आणि मी? मी त्यात बोलत होतो. गप्प बसलो असतो तर लोकांना वेगळं वाटलं असतं. माझी मुलगी माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

मंगळवारी मी ठरवलं, साहेबांचा राग उतरू दे, मग सांगू. बुधवारी क्लबाची बैठक होती, बैठकीच्या दिवशी सहसचिवानं असं काही कबूल करणं बरं दिसलं नसतं. गुरुवारी खरोखर उठलो. साहेब कोपऱ्यात त्या ग्रिपमध्ये पुट्टी भरत बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, बोटानं आत दाबत होते.

"काय सायेब?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"चहा सांगू का?" मी म्हणालो.

शुक्रवारी मी गेलोच नाही. ऑफिसात काम होतं. शनिवारी म्हटलं, आता दोनच दिवस उरलेत, आता सांगून काय वाचणार?

ग्रिप दुरुस्त झाली. पुट्टी दिवसात वाळते, हात दिवसात बसत नाही. उरलेल्या दोन आठवड्यांत ती आणि साहेब पुन्हा कानस, पेपर, कानस करत राहिले. डुगडुगणं गेलं. डोळे मिटून उचललेला हात दहांतून सहादा बरोबर येऊ लागला. आधी मोजावं लागत नसे.

स्पर्धेला बाक सगळा आला होता. साठांपैकी पहिली चाळीस भोकं तिनं मधोमध पाडली. मग मधूनमधून ती हात उचलून, छर्रा न मारताच खाली आणू लागली. एकदा, दोनदा, तीनदा. माशी सापडत नव्हती. घड्याळ चाललं होतं. शेवटचे सहा-सात तिला घाईनं मारावे लागले. दोन गुण कमी पडले.

डॉक्टर म्हणाले, "मी म्हणत होतो, थोरलंच वापरायला हवं होतं."

"पिस्तूल ब्येसच हाय," आबा म्हणाले. "पर पोरीनं मूठ बिघडवली न्हवं. हातानं वडवून घेतलं तिनं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बापानं काहीतरी म्हणायला हवंच होतं.

"चालायचंच," मी म्हणालो.

मागे वळलो तर ती पेटी बंद करत होती. चार फुटांवर. ऐकू न जाण्यासारखं अंतर नव्हतं.

परत येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. एका लांब सिग्नलला मी मान न वळवता म्हटलं, "उद्या सांगतो साहेबांना."

"काय?"

"मी घासली म्हणून."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले. मला वाटलं तिनं ऐकलं नाही. पुढच्या वळणावर ती म्हणाली, "नका सांगू."

"अगं, पण..."

"आता सांगून तुम्हाला बरं वाटेल, बाबा. सगळे म्हणतील, बघा, मनानं किती मोठे आहेत. मला काय? मला पुन्हा तिथं उभं राहून ते सगळं ऐकावं लागेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही उभी राहणार."

मी सांगितलं नाही. तिनं नको म्हटलं म्हणून सांगितलं नाही, असं मी काही दिवस मानलं.

पुढच्या वर्षाचा क्लबाचा अर्ज मी तिच्या टेबलावर ठेवला. तो तिथंच राहिला, मग त्यावर परीक्षेची पुस्तकं आली. तिनं कधी ‘सोडलं’ असं म्हटलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, "पोरगी येत न्हाई?" मी "अभ्यास" म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. बायकोनंही भुशाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. फक्त कुणी पाहुणे आले आणि मी नेमबाजीच्या गप्पा सुरू केल्या की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. रविवारी फोन करते, आईशी तासभर बोलते, मला रक्तदाबाची गोळी घेतली का विचारते. आवाजात राग नसतो. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

थोरलं माझ्याकडेच राहिलं. कारखान्याची ग्रिप लावून मीच ते मारतो. चांगलं पिस्तूल आहे. माझ्या हाताला तर फारच चांगलं बसतं, माझे गुणही थोडे वाढलेत. पण ही बातमी सांगावी असं माणूस घरात नाही.

गेल्या दिवाळीत ती आली होती. मी पेटी कपाटावर ठेवायला विसरलो, ती पलंगाशेजारी राहिली. तिनं उघडली. मी दारात होतो. ती वाकून बराच वेळ बघत होती. मग तिनं हवेचा सिलिंडर बोटानं फिरवून त्यावर छापलेली तारीख वाचली.

"बाबा, सिलिंडरची मुदत संपलीय. वापरू नका. फुटतात कधीकधी."

"बरं," मी म्हणालो.

तिनं पेटी बंद केली. पिस्तूल हातात घेतलं नाही.